रिकामी फिरलेली बिट

माझ्या मिस्त्रींना दोन वर्षांपासून दिसत नाही. काचबिंदू. उजव्या डोळ्याला थोडा उजेड कळतो, बस. सुतारकाम मी त्यांच्या हाताखाली शिकलो, म्हणून त्यांच्या उधवा गावातल्या घरात जेवणाचं टेबल करायचं निघालं तेव्हा डहाणूहून ट्रिमर, म्हणजे काठ कापायची हातातली मशीन, आणि सनमायका घेऊन मी स्वतःच गेलो.

मी काम करत होतो आणि मिस्त्री पडवीत बसून ते ऐकत होते. सनमायका चिकटवली की ती फळीच्या बाहेर दोन-तीन सूत येते. तो वाढावा आधी ट्रिमरला सरळ बिट, म्हणजे फिरतं पातं, लावून कापायचा, मग तिरकी बिट लावून काठाची धार मारायची, नाहीतर हात कापतो. सरळ काप मी चारही बाजूंनी काढला. ट्रिमर बंद केला तसे मिस्त्री उठले आणि चाचपडत टेबलापाशी आले.

"आण इकडे. तिरकी मी मारतो."

बिट जराशी कलली तर पुरा काठ खराब होतो, आणि बोट मध्ये आलं तर बोट जातं. त्यांची बायको, आमच्या काकी, दारातून म्हणाल्या, "अवो, नको ना." मिस्त्रींनी ऐकल्याचं दाखवलंही नाही.

मी तसा तापट माणूस. गिऱ्हाइकाला तोंडावर नाही म्हणायला मला वेळ लागत नाही. पण मिस्त्रींसमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते. नको म्हणवेना, म्हणून मी एक युक्ती केली. ती मला सुचली याची आजही लाज वाटते. बिट बदलतोय असं भासवत मी पान्याने नट सैल केला, तोच पुन्हा आवळला आणि तीच सरळ बिट राहू दिली. कापून झालेल्या काठावर ती परत फिरवली तर तिच्या टोकाचं बेअरिंगचं चाक काठाला नुसतं घासत जातं. कापायला काही उरलेलंच नसतं. टेबल वाचणार होतं. बोटांसाठी त्यांचे दोन्ही हात मी मशीनवर घट्ट ठेवून दिले आणि स्वतः बोर्डाच्या बटणावर बोट ठेवून उभा राहिलो.

त्यांनी मशीन चालू केली. हातभर गेले आणि थबकले. मग पुढे सरकले, कोपरा वळले, चारही बाजू फिरून आले.

"बघ, यांचा हात अजून तसाच हाय," काकी हरखून म्हणाल्या.

"हो ना काकी," मी म्हणालो, जरा जास्तच मोठ्याने.

मिस्त्रींनी ट्रिमर बंद केला. "हात कसला? याने मला रिकामी मशीन दिली. कापते तवा ती अशी वाजत नाय."

काकी आत गेल्या. मला वाटलं आता शिव्या बसणार, आणि बसल्या असत्या तर बरं झालं असतं. मिस्त्री हळूच म्हणाले, "नाय बोलला असतास तर ऐकलं असतं रे मी. आता तिरकी लाव."

मी खरंच बिट बदलली. मशीन पुढे केली तर ते म्हणाले, "प्लग काढ." मी काढला. त्यांनी बिटवर अंगठा टेकवून ती तिरकीच आहे ना, हे चाचपून घेतलं. इतक्या वर्षांत माझा शब्द त्यांनी कधी तपासून घेतला नव्हता.

मग प्लग लावायला सांगून त्यांनी काठावर एक वीतभर बिट चालवली. बारीक, एकसारखा तिरका काप निघाला. थांबून त्यांनी ट्रिमर माझ्या हातात दिला.

"बास. एवढंच मारायचं होतं मला. बाकीचं तुझं."