शिशाच्या गोळीची चकती

"शून्य होऊ दे, येतोच," असं आमचे हे म्हणायचे. आता हे शून्य म्हणजे काय, ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

हे आधी फौजेत बंदुका दुरुस्त करायचे, मग इकडे आखातात, मुसफ्फात, गाड्या. वर्कशॉपच्या अरबाबकडे, म्हणजे मालकाकडे, वडिलांची शिकारीची रायफल होती. शिकार कधीच बंद झालेली. शुक्रवारी त्यांच्या शेतावर मातीच्या ढिगापुढे पुठ्ठा लावून नेम धरायचा, एवढंच. विकतच्या गोळ्यांच्या धक्क्यानं म्हाताऱ्या अरबाबचा खांदा दुखे. म्हणून हे टायरच्या जुन्या शिशाच्या वजनांपासून गोळ्या ओतायचे, तिकडेच शेडमध्ये. साच्याला आमची लेक "बाबांचं इडलीपात्र" म्हणायची.

शिशाची गोळी हळू चालते, लवकर खाली येते. त्या मानानं रायफलच्या दुर्बिणीवरची नेमाची चकती चढवावी लागायची. कट, कट, कट. आणि घरी निघताना ती परत शून्यावर, म्हणजे विकतच्या गोळीच्या खुणेवर, उतरवायची, हा यांचा दुसरा नेम. मी गाडीत थर्मास घेऊन बसलेली.

"अहो, चला की! भाजून निघाले मी!"

"तुला कोण भाजतंय? शून्य होऊ दे, येतोच."

'जातो' म्हणायचे नाहीत कधी. आपल्यात म्हणतच नाहीत.

त्या शुक्रवारी शेवटची गोळी बरोब्बर मधोमध लागली. हे हसले, रायफल टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसले, ते बसलेच. मी हाका मारत राहिले. चकती चढलेलीच राहिली.

पुढं मी त्याच फ्लॅटमध्ये एकटी राहिले. लेक दुबईहून फोन करायची, "आई, जस्ट कम अँड लिव्ह विथ मी." मी काहीबाही सांगून टाळायचे. खरं कारण कोणत्या तोंडानं सांगू? शून्य झालेलं नव्हतं, म्हणजे हे अजून यायचे होते. गॅसचा लायटर कट कट वाजला की मी दाराकडे बघायचे.

मग एक दिवस अरबाबचा फोन आला. "सिस्टर, मेरा बेटा राइफल चलाना माँगता. उसका गोली दुकान का. मैं किसी को हाथ लगाने नहीं दिया. आपका आदमी लगाया, आप ही उतारो."

गेले. रायफल रिकामी करून त्याच टेबलावर ठेवली होती. चकतीच्या खाचांत बारीक रेती.

"मन नहीं तो मत करो," अरबाब हळूच म्हणाले. "मैं बेटे को दूसरा लेके देगा."

नाही म्हटलं असतं, तर ती चकती तशीच राहिली असती आणि मी आयुष्यभर दाराकडे बघत. पण यांना अर्धवट काम खपायचं नाही हो. जेवण टाकून उठायचे, पण काम नाही टाकायचे.

फिरवली. कट. प्रत्येक खाचेला चकती जराशी अडायची, कुणी पलीकडून बोट धरल्यासारखी, मग सुटायची. शून्याची रेघ समोर आली, तशी मागं खुर्ची करकरली. मी वळले नाही.

"झालं?" मी विचारलं.

"हाँ सिस्टर, खलास," अरबाब म्हणाले. त्यांना नव्हतं विचारलं मी.

टॅक्सीत बसले. थर्मास आणला होता, सवयीनं. शेजारचं दार उघडंच ठेवलं.

"चलें, अम्मा?" ड्रायव्हरनं विचारलं.

"रुको," म्हटलं, "आ रहे हैं."