घाटाखालची चिठ्ठी

त्याला जाऊन चार महिने झाले. त्याच्याबद्दल लिहायचं तर त्या चिठ्ठीपासूनच लिहावं लागतं.

लोणारला एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात आम्ही अकरा वर्षं शेजारच्या टेबलांवर बसलो. आम्ही सगळे घाटावरचे, तो एकटा घाटाखालचा, जळगाव जामोदकडचा. बोलायचा तसंच लिहायचा. 'मला'च्या जागी 'मले' यायचं, म्हणून बाहेर जाणारं प्रत्येक पत्र आधी माझ्याकडे सरकवायचा. "गुरुजी, एवढं पुन्याचं करून द्या." मी 'ले' खोडून 'ला' करायचो.

त्याची बायको अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली. घर कार्यालयामागच्या गल्लीत. दुपारच्या सुट्टीत तो जायचा, तिला भरवायचा, कूस बदलून द्यायचा आणि वेळेत परत यायचा. त्या पाऊण तासावर त्याचं घर चाललं होतं.

गेल्या वर्षी संस्थेनं कर्मचाऱ्यांसाठी तणावमुक्तीचं शिबिर ठेवलं. बाहेरून आलेल्या बाईंनी आम्हाला डोळे मिटायला, खांदे सैल सोडायला लावलं. मग कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. कामात कशाचा त्रास होतो ते लिहा, नाव घालू नका, चिठ्ठ्या माझ्याजवळच राहतील, असं म्हणाल्या.

लिहिलेली चिठ्ठी त्यानं सवयीनं माझ्यापुढे धरली. "पाहून द्या ना."

"भाऊ, हे पत्र नाही. मनात आलं तसं राहू द्या. नाव नाही, कोणाला कळणार?"

"पक्कं?"

"पक्कं."

चहानंतर बाईंनी गोळा केलेल्या चिठ्ठ्यांचा डबा आमच्या कार्यालयाच्या साहेबांच्या हाती दिला. साहेब हसत हसत एकेक चिठ्ठी मोठ्यानं वाचू लागले. चौथी की पाचवी असेल. "साहेब लोकायसमोर वरडते तं मले धडधड होते. मंग दिवसभर हात कापते."

साहेब थांबले. "अरे वा, ही तर घाटाखालून आलेली दिसते!"

सभागृह हसलं. बाईही हसल्या. कोणीतरी मागून "काऊन बे, धडधड काऊन होते?" म्हणालं. तो माझ्याकडे पाहत होता. माझ्याही तोंडावर हसू आलं होतं, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

पंधरा दिवसांत त्याची बदली एसटीनं तासाभरावर असलेल्या दुसरबीडच्या शाळेत झाली. कामाचा ताण कमी व्हावा म्हणून, असं आदेशात लिहिलं होतं. मी साहेबांकडे जाऊन त्याच्या बायकोचं सांगितलं. "त्यालाच माझा त्रास होत होता ना?" ते म्हणाले. मी परत आलो.

टेबल आवरताना तो इतकंच बोलला, "तुमी म्हणले होते, कोणाले कळत नाही म्हणून."

त्यानंतर त्याची बायको सकाळी सहाला जेवायची आणि मग थेट तो आल्यावर. एका संध्याकाळी एसटीतून उतरल्यावर तो स्टँडवरच कोसळला. डॉक्टर हृदयविकार म्हणाले. बदलीनं गेला, असं मी म्हणणार नाही. बाईंनी शब्द मोडला, साहेबांनी चिठ्ठी हसण्यावारी नेली, हे मी मनात पुष्कळदा घोळवतो. पण त्यानं तो शब्द खरा मानला तो माझ्या तोंडून ऐकला म्हणून.

तेरवीला मी गेलो. बायकोजवळ आता तिची बहीण येऊन राहिली आहे. पंगती उठल्यावर खाटेजवळ बसून मी विचारलं, "वहिनी, माझ्याबद्दल काही बोलायचा का तो?"

"नाई हो भाऊ," ती सावकाश म्हणाली. "आधी रोज तुमचंच सांगत. बदली झाल्यावर त्यायनं तुमचं नावच नाई काढलं."