सुपारीत लागलेली डुलकी

आटपाडीतली ती लग्नाची सुपारी आठवली की आज हसू येतं. त्या दिवशी मात्र मला घाम फुटला होता. सातवीत शाळा सुटलेला मी, गाव लांब विदर्भात, नुकताच बढती मिळून सहायक फौजदार झालेलो. खात्यानं पोटाला दिलं होतं. हातून काही वेडंवाकडं होऊ नये, एवढीच धास्ती.

दुपारी ठाण्यात फोन आला, सुपारीला आलेल्या पाहुण्यांना गुंगीचं औषध दिलंय. गेलो, तर उंब्रजहून आलेले नवरदेवाचे वडील आणि चुलते डोळे चोळत बसलेले. सगळ्यांना ठाण्यात आणलं.

“चहात कायतरी घातलं, सायेब,” नवरदेवाचे वडील म्हणाले. “आमी पेंगत हुतो, आन् ह्यांनी तवाच इचारलं, लग्नानंतर पोरगी नर्सची नोकरी करंल, चालंल का?”

“आवं, तुमी मान हलवली की! समद्यांनी बघितलं,” मुलीचे वडील उसळले.

“पेंगताना मान हलतीच की, पावनं!”

तक्रार खरी निघाली असती तर मुलीच्या बापावर गुन्हा दाखल झाला असता आणि लग्नही मोडलं असतं. हवालदाराला फिर्याद लिहायला बसवून मी मुलीच्या बापाला आतल्या खोलीत नेलं. चहा एकाच पातेल्यातला, प्यायले सगळे, पेंगले दोघंच. काही जुळेना.

तासाभरानं बाहेर आलो. “झाली का रे फिर्याद?” हवालदारानं मान हलवली. जवळ जाऊन बघतो तर डोळे मिटलेले, पेनाची रेघ कागदाबाहेर टेबलावर गेलेली.

“ह्याला काय दिलंत?” मी ओरडलो.

“लय शिंकत हुता बिचारा,” नवरदेवाचे वडील कौतुकानं म्हणाले आणि खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. “दोन दिल्या. एकीनं काय हुतंय? येताना आमी दोघांनीबी घेतल्या. नाक कसं मोकळं झालंय बघा!”

हवालदाराला दवाखान्यात दाखवलं आणि पट्टी घेऊन शेजारच्या मेडिकलवाल्याला गाठलं. तो म्हणाला, “सर्दीची गोळी आहे, साहेब. गुंगी येतेच. एका वेळी एकच घ्यायची आणि गाडीला हात लावायचा नाही.”

परत येऊन सांगितलं. फिर्याद तिथंच संपली. तेवढ्यात मुलगी नवरदेवाच्या वडिलांपुढे आली. “मामा, आता जागं हायसा. नोकरीचं सांगा.”

ते माझ्या हातातल्या पट्टीकडं बघत राहिले. मग म्हणाले, “कर बाई नोकरी. आमच्यात गोळी इचारून घ्याची कुनाला सवयच न्हाई.”

पुढं उरलेल्या सगळ्या नोकरीत मी आधी फिर्यादीचा खिसा बघितला, मग आरोपीचं पातेलं. आणि नुसत्या हललेल्या मानेला होकार कधी धरलं नाही.