कॅरारा बघायला पर्लवर गेलो त्याची गोष्ट

...आणि वर दादा म्हणतो, तुला जमत नसेल तर आम्ही कर्ज काढतो. काढा की. सहा महिने हेच चाललंय. कराडजवळच्या आमच्या घराचा हॉल दोनशे फूट. त्याला कॅरारा फरशी पाहिजे, चारशे रुपये फूट, कारण वहिनीच्या माहेरी तीच आहे. ऐंशी हजार, म्हणजे माझी यंदाची सुट्टी गेली. मी इथं दोहात फरशीच बसवतो, पण माझं ऐकतंय कोण.

म्हणून शुक्रवारी ठरवलं, पर्लवर, म्हणजे इथल्या श्रीमंतांच्या बेटावर जाऊन हा कॅरारा काय आहे ते बघूनच येऊ. सोबत रॉनी, आमचा स्टोअरकीपर, वसईचा. अबू हमूरच्या चर्चमधून तो परस्पर मेट्रोवर आला. तुम्हाला जायचं तर लाल लाइननं लेगतैफियाला उतरा, तिकीट दोन रियाल, पुढची बस फुकट. पाण्याची बाटली सोबत न्या. पर्लवर एका कॉफीत माझं दोन दिवसांचं जेवण होतं.

रॉनी म्हणाला, कॅरारा हे इटलीतलं गाव, तिथल्या डोंगरातून पांढरा संगमरवर काढतात. बरं. मग इथं बिल्डिंगचं नाव कॅरारा, खालच्या कॅफेचं कॅरारा, रंगाच्या दुकानात पांढऱ्याला कॅरारा, आणि साइटवर आम्ही फोडतो त्या गुजरातच्या मोरबीहून आलेल्या टाइल्सच्या खोक्यांवरही कॅरारा. गाव तरी जागेवर राहिलं का?

त्या बिल्डिंगच्या दारात मी खालीच बसलो. आम्ही फरशी तोंडावरून ओळखत नाही, कडेवरून ओळखतो. खऱ्या दगडाची शीर आरपार जाते. इथं कड कोरी, आणि तीच करडी शीर दर पाचव्या फरशीला परत. म्हणजे दगड नाही, छापलेली टाइल. नेपाळी वॉचमननं हिंदीत विचारलं, काही हरवलं का. रॉनी म्हणाला, "इसका इटली खो गया."

तिथूनच दादाला व्हिडिओ कॉल लावला, दुकानात पाठवला, नमुन्याची कड दाखवायला लावली. कोरी. दुकानदार मागून सांगत होता, डिझाइन इटालियनच आहे. मी म्हटलं, दादा, सत्तर रुपयांचा माल आहे हा. तो दुकानाबाहेर आला. मग हळू आवाजात म्हणाला,

"आरं, पण पाव्हण्यांना कड कोण दाखवतंय?"

येताना सूक वाकिफला, इथल्या जुन्या बाजारात उतरलो, करक चहा घेतला, मसाल्याच्या गल्ल्या फिरलो. बघण्यासारखं आहे, जरूर जा. माझं डोकं काही थंड झालं नाही. दुकानदार फसवतो हे समजतं. दादाला कळूनही तेच पाहिजे, हे रूमवर आलो तरी गिळवत नाही.

तर दादा, वाचत असशील तर ऐक. सत्तरवाली साधी पांढरी घे, नाव नसलेली. सुट्टीला येऊन मीच बसवतो, मजुरी नको. फरशीचे चौदा, तुटफुटीचा एक. पंधरा हजार पाठवतोय.