समोरच्या खोलीतले सात फोन

त्या माणसाचं वाईट करायचं, हे मी लक्ष्मीनगरच्या चौकात, सिग्नल लाल असताना ठरवलं. समोरच्या फलकावर माझाच फोटो होता. मांडीवर सिंहाचं पिल्लू, हातात दुधाची बाटली, चेहऱ्यावर बावळट आनंद. खाली लिहिलं होतं, 'एक वर्ष निसर्गासाठी. आफ्रिकेतल्या अनाथ पिल्लांची आई व्हा.' सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवू लागले, तरी मी स्कूटी धरून तशीच उभी होते.

फोटो खरा होता. प्राणिशास्त्रात बी.एस्सी. झाल्यावर पुढे शिकण्याआधी एक वर्ष थांबायचं आणि वन्यजीवांसाठी काहीतरी करायचं, असं माझ्या डोक्यात होतं. हा माणूस मुलांना अशा परदेशी प्रकल्पांवर पाठवायचा. पन्नाशीचा, गोड बोलणारा, सगळ्यांना बेटा म्हणणारा. आई तेव्हा म्हणाली होती, "काहून वं, आपल्या इथं वाघ कमी आहेत का?" मी हसण्यावारी नेलं. बाबांनी वाडीच्या गोदामातल्या कामावरून सुट्टी काढली आणि मला विमानतळावर सोडलं.

दक्षिण आफ्रिकेतल्या त्या फार्मवर मी सहा आठवडे होते. पिल्लांना बाटलीनं दूध पाजायचं, अंग पुसायचं, आणि दुपारी पर्यटक आले की एकेकाच्या मांडीवर ठेवायचं. त्यांच्या आया शिकाऱ्यांनी मारल्या, असं आम्हाला सांगितलं होतं. माझ्या वाट्याचं पिल्लू माझं बोट चोखत झोपायचं. तिसऱ्याच दिवशी मी फोटो काढून नागपूरला त्याला पाठवला, वर 'थँक्यू सर' लिहून.

चौथ्या आठवड्यात बाटल्या धुणाऱ्या बाईंनी मला हाताला धरून मागच्या कुंपणाकडे नेलं. तिथे एक सिंहीण जाळीच्या कडेनं इकडून तिकडे फिरत होती. मध्येच थांबायची, पिल्लं ठेवलेल्या आमच्या शेडकडे तोंड करून हलक्या आवाजात बोलवायची, पुन्हा चालायला लागायची. "तुझ्या पिल्लाची आई," त्या म्हणाल्या. पिल्लं दहा दिवसांची झाली की काढून घेतात, म्हणजे सिंहीण लवकर पुन्हा माजावर येते. आणि मोठी झालेली पिल्लं? बाईंनी खांद्याला बंदूक लावल्यासारखे हात केले. पैसे मोजणाऱ्या शिकाऱ्यांसमोर कुंपणातच सोडतात, म्हणाल्या, पळायला जागा नसते.

मी नागपूरला त्याला फोन लावून हे सांगितलं. "तू मजा कर न बेटा," तो म्हणाला. "इतका कायले विचार करते?"

उरलेले पंधरा दिवस मी तिथेच राहिले, हे लपवत नाही. निघून यायला हवं होतं. पण ते पिल्लू मांडीवर येऊन झोपायचं आणि मला ते आवडायचं.

परत आल्यावर मी त्याच्या ऑफिसात जाऊन सगळं सांगितलं. त्यानं चहा मागवला, डोळे मोठे केले, "तू सांगेपर्यंत मले तर काहीच माहीत नव्हतं," म्हणाला. मी विश्वास ठेवला. चार महिन्यांनी तो फलक लागला.

त्याच दुपारी मी त्याच्यासमोर उभी होते. फलकावरून फोटो काढा म्हटलं तर त्यानं फोटो वापरायच्या परवानगीचा, माझ्या सहीचा फॉर्म दाखवला. मग मागे रेलून म्हणाला, "खरं सांगू? मले पहिलेपासूनच माहीत होतं. लोकायले पिल्लू मांडीवर पाहिजे असते, जंगल नाही. तुले बी तेच पाहिजे होतं."

शेवटचं वाक्य त्यानं बोलायला नको होतं. ते खरं होतं म्हणूनच मी त्याला सोडणार नव्हते.

दर रविवारी तो सीताबर्डीतल्या एका हॉलमध्ये पालकांची सभा घ्यायचा. मी फोटोतलाच खाकी शर्ट घातला आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. त्यानं पडद्यावर माझा फोटो लावताच उभी राहून म्हणाले, "ती मुलगी मी आहे." लोकांना वाटलं कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबेपर्यंत मी थांबले, मग सिंहिणीपासून सुरुवात केली. मागच्या रांगांतल्या खुर्च्या सरकू लागल्या तेव्हा मला इतका आनंद झाला की आवाज चढू नये म्हणून नखं तळव्यात रुतवली.

पुढच्या रविवारी गेले. त्याच्या पुढच्याही. त्यानं हॉल बदलला, मी शोधून काढला. दारावर माणूस उभा केला, तर मी जिन्याखाली उभी राहिले. फलकामुळे लोक मला ओळखायचेच. आई म्हणाली, "आता पुरे कर वं. त्याच्या बी घरी लेकरं आहेत." मी रविवारचा शर्ट इस्त्री करत राहिले.

दहाव्या का अकराव्या रविवारनंतर, सोमवारी सकाळी तो घरी आला. आमच्या समोरच्या खोलीत, खुर्चीच्या काठावर बसला. "काहून मागं लागून राहिली तू माह्या? काय पाहिजे तुले?"

मी ठरवूनच ठेवलं होतं. "पुढच्या बॅचला किती मुलं आहेत?"

"सात."

"सातही घरी फोन करा. इथून, स्पीकरवर. पिल्लं अनाथ नाहीत आणि मला हे माहीत होतं, एवढंच म्हणा. मग मी रविवारी येणार नाही."

"बेटा, असं नको करू..."

"बेटा म्हणू नका."

त्यानं पहिला फोन लावला. 'माहीत होतं' हे शब्द त्यानं गिळले. मी पुन्हा म्हणायला लावले. तिसऱ्या फोनवर एका आईनं विचारलं, "माहीत असून तुम्ही माझ्या मुलीला पाठवत होता?" आमची आई उठून स्वयंपाकघरात गेली. पाचव्यावर एका वडिलांनी आईवरून शिवी दिली. त्यानं फोन खाली ठेवून दिला. सहावा आणि सातवा मी लावून दिला.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं."

तो गेल्यावर आई बाहेर आली. रिकाम्या खुर्चीकडे पाहून म्हणाली, "त्याले पाणी तरी विचारायचं होतं."

मला सुचलंच नव्हतं. सुचलं असतं तरी विचारलं नसतं.

महिन्याभरात फलक उतरला. सातव्या घरच्या मुलीनं मात्र माझा नंबर मिळवून फोन केला. "तुम्ही जाऊन आल्या, पिल्लाला घेऊन बसल्या, आणि आता आमच्या वेळी नको?" तिचं चुकत नव्हतं. मी तिला जाळीच्या कडेनं फिरणाऱ्या सिंहिणीबद्दल सांगायला लागले. तिनं मध्येच फोन ठेवला. ती दुसऱ्या कुणाकडून गेली की राहिली, ते मला कळलं नाही. फार्म अजून चालू आहे, इंटरनेटवर त्यांच्या पानावर नव्या मुलींचे फोटो येतात. तिथल्या मॅनेजरपर्यंत माझा हात पोचत नाही, याचा राग अजून उतरलेला नाही.

मागच्या उन्हाळ्यात एका लग्नात तो दिसला. आता फक्त परदेशी कॉलेजच्या प्रवेशाची कामं करतो म्हणे. जेवणाच्या रांगेत आमची नजरानजर झाली, तशी भरलेली प्लेट टेबलावर ठेवून तो बाहेर निघून गेला. मी मात्र पोटभर जेवले, आणि जिलबी दुसऱ्यांदा मागून घेतली.