सातवीची सावड

कुणी 'गटकार्य' हा शब्द काढला की माझ्या डोक्यात आजही तिडीक जाते. परवा एका शिक्षक शिबिराला मला जुनी, अनुभवी बाई म्हणून बोलावलं होतं. एक तरुण अधिकारी फळ्यावर चार गोल काढून मुलांनी एकमेकांच्या मदतीने कसं शिकावं ते समजावत होता. मी अर्धा चहा तसाच ठेवून उठले. लोकांना वाटलं, म्हातारीला बरं वाटत नसेल. मी कुणाला काही सांगितलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम नुकतंच सुरू झालं होतं, तेव्हाची गोष्ट. माझं घर माकुणसारचं, पण नोकरीसाठी मी बोईसरला खोली घेऊन राहत होते. शाळा स्टेशनपासून पूर्वेला तासभर चालत, डोंगराच्या अंगाला. वर्ग सातवीपर्यंत आणि शिकवणारे तिघं: हेडमास्तर, पाचवीचे गुरुजी आणि मी. आधल्या वर्षी सातवीच्या परीक्षेत आमचं एकही मूल पास झालं नव्हतं. हेडमास्तर त्याचं खापर पाचवीच्या कच्च्या पायावर फोडत, गुरुजी चौथीवर. दोघांचं एकमत एकाच गोष्टीवर होतं: पाड्यावरची पोरं ही, यांच्या डोक्यात गणित शिरणार नाही. ते ऐकून माझं रक्त उकळायचं. पण खरं सांगायचं तर मीही फळ्याकडे तोंड करून गणितं सोडवत होते आणि माझ्या पाठीमागे मुलं मुकाट बसून होती.

जुलैत सातवीचा वर्ग रिकामा झाला. लावणी सुरू झाली होती. मी चिडून छत्री उचलली आणि मुलांना आणायला पाड्यावर गेले.

वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी गुडघाभर चिखलात उभी होती. स्वतःच्या शेतात नव्हे, शेजाऱ्याच्या. आज याचं शेत, उद्या त्याचं, अशी सगळा पाडा मिळून लावणी करत होता. याला ते सावड म्हणतात. मी बांधावरून रागावत होते आणि कुणी वर बघत नव्हतं. शेवटी एक म्हातारी म्हणाली, बोलण्यापेक्षा खाली उतरा. मीही तिरीमिरीत पदर खोचला आणि उतरले. हातात रोपांची मूठ आली, पण मला जमेना. सगळ्यांच्या ओळी पूर्ण झाल्या, माझी अर्ध्यातच होती. मला वाटलं, आता हे लोक बांधावर बसून मला हसतील. पण बांधावर कुणीच गेलं नाही. ती मुलगी मागे वळली, माझ्या ओळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि काही न बोलता माझ्याकडे लावत आली. शेवटच्याची ओळ पुरी झाल्याशिवाय कुणी बांधावर जायचं नाही, अशी त्यांची रीत होती.

त्या रात्री नव्हे, तर तिथेच, चिखलाचे पाय धुताना मी ठरवलं की वर्गात हेच करायचं. लावणी आटोपून मुलं परत आली तेव्हा मी बाकांच्या रांगा मोडल्या. ज्याचं गणित आधी सुटेल त्याने मागे वळायचं आणि ज्याचं अडलं असेल त्याच्या शेजारी जाऊन बसायचं. उत्तर सांगायचं नाही, रीत सांगायची. शेवटच्याचं गणित सुटल्याशिवाय कुणी पाटी खाली ठेवायची नाही. मुलांना समजावून सांगावंच लागलं नाही. गुरुजी आधी कुरकुरले, मग दुपारी पाचवीची मुलं घेऊन आमच्यात येऊन बसू लागले. मी त्यांच्या मुलांना गणित दिलं, त्यांनी माझ्या मुलांचं व्याकरण घेतलं. दिवाळीपर्यंत काळ-काम-वेगाची गणितं सातवीतली सातही मुलं सोडवू लागली. शेवटून पहिली होती एक अबोल मुलगी, तिलासुद्धा येऊ लागली.

हेडमास्तर लांबून बघत होते. जानेवारीत शाळाखात्याचे दिपोटीसाहेब तपासणीला आले, मुलांची तयारी बघून खूश झाले आणि ही पद्धत कुणाची म्हणून त्यांनी विचारलं. हेडमास्तर म्हणाले, "साहेब, मीच सुरू केली." मी तिथेच उभी होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण नोकरी कायम व्हायची होती आणि शेरा हेडमास्तरांचा लागणार होता. मी साहेबांना चहा दिला.

त्या हुशार मुलीचा बाप मला एकदा वाटेत भेटला. पास झाली तर तिला पुढे शिकवू, ती तुमच्यासारखी बाई होईल, म्हणाला. नाही झाली तर तारापूरला बांधकामावर जाईल, घरातली सगळी तिकडेच जाणार आहेत, तिला एकटीला कुठे ठेवू? त्याचं काही चुकलं नव्हतं. मी त्याला छातीठोकपणे सांगितलं, ती पास होणार.

परीक्षेचं केंद्र पालघरला होतं. मी सातही मुलांना घेऊन सकाळच्या गाडीने गेले. पहिलाच पेपर गणिताचा. मी बाहेर झाडाखाली बसले होते. तासाभरात शिपाई बोलवायला आला.

झालं होतं ते असं. त्या मुलीचा पेपर सगळ्यांच्या आधी संपला. तिने टाक खाली ठेवला, उठली, अबोल मुलीच्या बाकावर जाऊन बसली आणि वर्गात समजावायची तशी, मोकळ्या आवाजात, तिला गणिताची रीत सांगू लागली. तेवढ्यात दुसऱ्याचा पेपर संपला, तोही मागे वळला. देखरेखीला असलेल्या मास्तरांना आधी काही सुचेच ना. चोरून कॉपी करणारी पोरं त्यांनी पुष्कळ पाहिली होती, अशी उजळ माथ्याने उठून दुसऱ्याशेजारी जाऊन बसणारी पाहिली नव्हती. आणि मला, वर्षभर ही रीत मुलांच्या अंगी मुरवणाऱ्या शहाणीला, एकदाही सांगायचं सुचलं नव्हतं की परीक्षेत सावड बंद. मला वाटलं होतं, हे काय सांगायला हवं? परीक्षा म्हणजे एकट्याने बसायचं, हे मला माहीत होतं. त्यांच्यातल्या कुणी मोठी परीक्षा पाहिली होती?

केंद्राच्या खोलीत परीक्षेचे साहेब बसले होते, जानेवारीतले दिपोटी नव्हेत, दुसरेच. शेजारी आमचे हेडमास्तर, त्या दिवशी केंद्रावरच कामाला असलेले. मुलं भिंतीशी ओळीने उभी. साहेबांनी विचारलं, हे तुम्हांला कुणी शिकवलं?

हेडमास्तरांनी खिडकीबाहेर बघितलं. जानेवारीत ही पद्धत त्यांची होती, एप्रिलमध्ये ती कुणाचीच नव्हती. मग त्यांनी हळूच माझ्याकडे बघितलं. साहेबांनीही बघितलं. एवढंच म्हणायचं होतं, साहेब, मी शिकवलं, चूक माझी, मुलांना दुसरा पेपर द्या. कदाचित दिला असता, कदाचित नसता. माझी नोकरी कायम व्हायला दोन महिने उरले होते. मी मूग गिळून उभी राहिले.

साहेबांनी आवाज चढवून पुन्हा विचारलं. ती मुलगी एक पाऊल पुढे आली.

"कुणी नाय शिकवलं. आमच्यात रीतच हाय तशी."

साहेब हसले. यांच्यात रीतच आहे, ऐका, असं हेडमास्तरांना म्हणाले आणि हेडमास्तरही हसले. सातही पेपर रद्द झाले. ते हसू आठवलं की अजून माझ्या मुठी वळतात. त्या हसण्याने पाड्यावरच्या पिढ्यान्‌पिढ्यांची रीत लबाडी ठरली आणि मी तिथे उभी राहून ते होऊ दिलं.

परतीच्या गाडीला वेळ होता. पालघरच्या फलाटावर मुलं कांदा-भाकरी सोडून बसली. त्यांनी माझ्यासाठीही अर्धी भाकरी काढून ठेवली होती. मी ती तशीच ठेवली. मी त्या मुलीला बाजूला घेतलं आणि विचारलं, तू माझं नाव का नाही सांगितलंस? मी रागावूनच विचारलं, कारण दुसऱ्या कुठल्या आवाजात मला बोलताच येत नव्हतं.

ती थोडी गोंधळली. मग साधेपणाने म्हणाली, "तुमी मागं रायल्या होत्या ना, बाई."

जूनमध्ये माझी नोकरी कायम झाली. हेडमास्तरांनी शेरा चांगला दिला होता. वर्गात मी सावड चालू ठेवली आणि परीक्षेच्या आधी मुलांना बजावून सांगू लागले की तिथे मागे वळायचं नाही. ते सांगताना दर वर्षी माझी मान खाली जायची. पुढच्या वर्षी ती अबोल मुलगी आणि आणखी तिघं पास झाली, आणि हेडमास्तरांचा सत्कार झाला.

ती हुशार मुलगी पुन्हा परीक्षेला बसली नाही. एकदा मी तारापूरच्या रस्त्याने जात होते, तेव्हा ती दिसली. बांधकामावर बायका रांगेने वाळूची घमेली वाहत होत्या. तिने आपलं घमेलं रिकामं केलं आणि परत फिरून मागे राहिलेल्या एका म्हाताऱ्या बाईचं घमेलं आपल्या डोक्यावर घेतलं. तिने मला पाहिलं नाही. मी हाक मारली नाही.