गोमाजीची दोन बोटं

बपेरा गावात धुरपताच्या गुत्त्याचं नाव बायका आवाज दाबून घेत. मोहाची दारू काय, गावोगावी गळत होती. पण शहात्तरच्या पोळ्याला इथं गोमाजीचा खून झाला, असं सगळे सांगत. ओसरीवर रक्त सगळ्यांनी पाहिलं होतं, कुऱ्हाडही पाहिली होती. प्रेत मात्र कुणीच नाही. गोमाजीच्या मागं ना बायको ना पोर, शोधणार कोण?

त्यानंतर धुरपतानं ओसरीत खुंट्या ठोकल्या. आधी कुऱ्हाड टांगायची, मगच पेला.

ब्याऐंशीत तिनं गुत्ता बंद केला, खोली सारवली आणि बालवाडीला देऊ केली. कारण चार वर्षांची नात, गुलाब. गुत्तेवालीच्या नातीशी कुणी पोर खेळू देत नव्हतं. बालवाडीच्या निर्मलाबाई म्हणाल्या, "सोमवारी पंधरा मुलं दिसली तर इथं, नाहीतर शेजारच्या गावी."

शेजारची लीलाबाई तोंडावरच बोलली, "खुनाच्या खोलीत माह्या पोराले बसवू? येडी झाली का वं?"

धुरपतानं सहा वर्षं गिळलेलं सांगून टाकलं. "गोमाजी जित्ता हाये. पिऊन कुऱ्हाड सोताच्याच पायावर पाडली. दोन बोटं गेली. लोक हासतीन म्हून नदीपल्याड बहिनीकडे गेला, तो आलाच नाही."

"मंग तू बोलली काहून नाही?"

"खुनाच्या भेवानं मानसं कुऱ्हाडी बाहेर ठेवू लागले. भांडनं थांबली. मले बरंच होतं."

"अस्सं! आन मंग त्याले. पाहू."

रविवारी धुरपता नदी ओलांडून गेली. गोमाजी मान हलवत राहिला. "नाही माय. हासतीन."

"सहा वर्षं तू मेला, म्या तोंड नाही उघडलं. आता एक दिवस जित्ता होय ना, बापू!"

सोमवारी मेलेला माणूस पाहायला बायकांची ही गर्दी. घरी कुठं ठेवायची म्हणून पोरं कडेवरच. गोमाजी लंगडत आला, खांद्यावर कुऱ्हाड.

"आधी पाय दाखव," लीलाबाई म्हणाली.

त्यानं चप्पल काढली. तीनच बोटं. कुणीतरी फिसकन हसलं, मग अख्खी ओसरी. गोमाजीनं मान खाली घातली. "म्हनलो होतो ना," धुरपताकडे पाहून तो पुटपुटला. पण त्यालाही हसू आवरेना.

तोवर पोरं कडेवरून उतरून आत पळाली होती. निर्मलाबाई मोजत होत्या, पंधराच्या पुढं गेल्या. लीलाबाईचा लेक गुलाबला चिकटून बसला. आईनं दोनदा हाक मारली, उठेना.

"बसू दे मंग," लीलाबाई म्हणाली. "पर गोमाजी, ते कुऱ्हाड खुंटीले नोको टांगू. घरी घेऊन जा."